लेझरने केस काढताना पाय भाजले : कुणाला असा अनुभव आहे का?

रानजाई | १४ जून, रात्री १०.४०

गेले नऊ दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरात सगळ्यांचं एकच, "कशाला नसत्या भानगडीत पडलीस?" म्हणून कुणाशी बोललेच नाही. पण काल ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली की तिनंही त्याच ठिकाणी पॅकेजचे पैसे भरलेत, आणि मग गप्प बसवेना.

मी पुण्यात राहते, वय ३१, रंग गव्हाळ म्हणा किंवा सावळा म्हणा, मधला. वॅक्सिंगनंतर मला दर वेळी पुळ्या यायच्या, केस आतल्या आत वळायचे, नडगीवर काळे ठिपके राहायचे. त्याला कंटाळून जानेवारीत एका क्लिनिकमध्ये दोन्ही पायांचं सहा सेशनचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही, नावावरून इथे वाद नको.

पहिली तीन सेशन्स एकाच मुलीनं केली. ती दर वेळी विचारायची, उन्हात गेला होतात का, काही गोळ्या चालू आहेत का. आधी घोट्याजवळ दोन शॉट मारायची, थोडा वेळ थांबायची, बोट फिरवून बघायची, मगच पुढे. टोचल्यासारखं व्हायचं, केसांच्या मुळाशी बारीक लाल पुरळ यायचं आणि दुसऱ्या दिवशी काही नसायचं. केसही बरेच विरळ झाले होते.

मे अखेरीस आम्ही तारकर्लीला गेलो. चार दिवस गुडघ्यापर्यंतची पँट आणि सँडल. परत आल्यावर सातव्या दिवशी चौथं सेशन होतं. आधीची मुलगी नोकरी सोडून गेलेली. नव्या मुलीनं कार्ड बघितलं, म्हणाली, "मागच्या वेळी १४ होतं, आता केस बारीक झालेत, वाढवावं लागेल." १८ केलं. उन्हाचं विचारलं नाही. मीही आपणहून बोलले नाही, ते मनाला लागून राहिलंय.

पहिल्याच शॉटला असा चटका बसला की पाय मागे ओढला. "नडगीवर हाड असतं ना ताई, तिथे लागतंच. थोडं सहन करा." मी सहन केलं. पाऊण तास.

रात्री पायांकडे बघितलं तर नडगीवर अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन, ओळीनं, लाल आणि कडेला करडे. मशीनच्या तोंडाचा आकार जसाच्या तसा. मी मोजले, २३. सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे पावलांवर जिथे सँडलचा पट्टा होता, तिथली कातडी समुद्रावर काळवंडली नव्हती. त्या पट्ट्यावर एकही डाग नाही. चौकोन पट्ट्याच्या कडेपर्यंत येतो, तिथे कापल्यासारखा थांबतो आणि पट्टा संपला की पुन्हा सुरू होतो.

क्लिनिकला फोन केला. "नॉर्मल आहे, दोन दिवसांत जाईल, कोरफडीचं जेल लावा." तिसऱ्या दिवशी सहा ठिकाणी पाण्याचे फोड आले. आता त्यावर खपल्या आहेत, बाकीचे डाग तपकिरी पडलेत. आई हळद लावू का विचारतेय.

हे डाग जातील का? उरलेली दोन सेशन्स करू का? आणि हे माझ्या नशिबानं झालं की कुणाच्या चुकीनं, हे कसं कळणार?

---

पाऊसवेडी | १४ जून, रात्री ११.१५

वाचूनच अंगावर काटा आला. जेल वगैरे राहू दे, उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे जा. आणि खपल्यांना हात लावू नकोस. डाग आज आहेत तसे फोटो काढून ठेव, तारीख दिसेल असे.

---

निंबोणी | १५ जून, सकाळी ६.५०

रानजाई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. पाय न बघता औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी आजच सांगायला हव्यात.

हळद नको. टूथपेस्ट, लिंबू, खोबरेल तेल काहीही नको. खपल्यांवर साधं पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ ड्रेसिंग, बाकी तुमचे डॉक्टर ठरवतील. पू दिसला, भोवतीची लाली पसरायला लागली, पाय ठणकायला लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. आणि डाग घालवायला म्हणून मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणू नका. त्यातल्या कितीतरी ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. भाजलेल्या कातडीवर ते चोळून मूळ जखमेपेक्षा मोठं दुखणं घेऊन आलेल्या मुली मी दर महिन्याला बघते. ज्यांना पुढे कधी असा चटका बसेल त्यांच्यासाठी: नळाचं साधं गार पाणी, वीस मिनिटं, लगेच. बर्फ थेट लावायचा नाही, त्यानं कातडीला आणखी इजा होते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हे नशीब नाही.

लेझरचा प्रकाश काळा रंग शोधतो. केसातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळाला मारते. अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं, आजच्या सगळ्या मशीन त्यावरच चालतात. गोऱ्या कातडीत काळा केस म्हणजे प्रकाशाला एकच गिऱ्हाईक. आपल्या कातडीच्या वरच्या थरातही तेच मेलॅनिन भरपूर असतं, म्हणून केसासाठी निघालेली उष्णता वाटेतच कातडी घेते. तुमच्या सँडलच्या पट्ट्यानं हे जितकं स्पष्ट दाखवलंय तितकं मी विद्यार्थ्यांना चित्र काढूनही दाखवू शकले नसते. मशीन तेच, हात तोच, आकडा तोच. फक्त पट्ट्याखाली समुद्रावरचं ऊन पोचलं नव्हतं.

मग सावळ्या माणसांनी लेझर करूच नये का? तर तसं नाही. तवा उतरवल्यावर फुलका लगेच गार होतो, जाड भाकरी बराच वेळ आतून गरम राहते. कातडीचा वरचा थर फुलक्यासारखा आहे, तो काही मिलिसेकंदांत उष्णता सोडून देतो. केसाचं मूळ भाकरीसारखं, त्याला दहा ते शंभर मिलिसेकंद लागतात. म्हणून प्रकाशाचा ठोका लांबवला, उष्णता सावकाश दिली आणि त्याच वेळी वरून गार करत राहिलं, तर कातडी वाचते आणि मूळ जळतं. सावळ्या कातडीवरचं लेझर या हिशेबावर उभं आहे. हिशेब चुकला की फोड.

प्रकाशाची लांबी, म्हणजे तरंगलांबीही बघायची. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट लेझर मेलॅनिनला फार धरतं, ते गोऱ्या कातडीसाठी उत्तम. डायोड साधारण ८०० ते ८१०. आणि १०६४ चं एनडी-याग खोल जातं, वरच्या मेलॅनिनला कमी धरतं, म्हणून गडद रंगाला सगळ्यात सुरक्षित. दुखतं मात्र जास्त. फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडायला सुरुवात केली, त्या पट्टीवर आज गोऱ्यापासून गडदपर्यंत एक ते सहा प्रकार आहेत. आपल्याकडची बहुतेक माणसं चार आणि पाचमध्ये बसतात. पण तारकर्लीहून आलेला चार नंबरचा माणूस त्या आठवड्यात पाच नंबरचा असतो. कार्डावरचा जुना आकडा त्याला लागू होत नाही, मग वाढवणं तर लांबच. ऊन खाऊन आलेल्या कातडीला निदान चार आठवडे हात लावायचा नाही. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आयएडीव्हीएलनं, २००८ मध्ये या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं छापली आहेत. रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, आधी समुपदेशन, लेखी संमती, हे सगळं त्यात आहे.

डाग बहुतेक जातील. महिने लागतील, आणि पायांवर चेहऱ्यापेक्षा जास्त लागतात. फोड आले त्या सहा जागांबद्दल मी आत्ता शब्द देत नाही.

---

रानजाई | १५ जून, दुपारी १.०५

डॉक्टर, फुलका आणि भाकरी वाचून पहिल्यांदा नीट कळलं. सकाळीच दाखवून आले. सहापैकी दोन जागा जरा खोल आहेत म्हणाले. मलम आणि ड्रेसिंग दिलंय, सेशन्स पूर्ण बंद. क्लिनिककडून कार्डाचा फोटो मागवला. त्यावर तारीख, सही आणि आकडा, एवढंच. १४, १४, १४, १८. मशीन कुठलं, ठोका किती लांब, काहीच नाही.

---

गोधडी | १५ जून, रात्री ९.३०

मी सहा वर्षं लेझर टेक्निशियन म्हणून काम केलंय, मुंबईत दोन ठिकाणी. आता सोडलं. हा धागा वाचून लिहिणं भाग आहे असं वाटलं.

नुसता १४ किंवा १८ हा आकडा अर्धवट आहे. तो दर चौरस सेंटिमीटरला किती जूल ऊर्जा हे सांगतो. पण त्याच १८ ला ठोका आखूड ठेवला तर कातडी भाजते, लांब ठेवला तर निभावतं. टिप, म्हणजे मशीनचं तोंड, मोठी असली तर प्रकाश खोल जातो, लहान असली तर वरच पसरतो. मशीन बदललं की आकड्याचा अर्थ बदलतो. म्हणून मला शिकवणाऱ्या मॅडम चार गोष्टी लिहायला लावायच्या: मशीन, जूल, मिलिसेकंद, टिप. दुसऱ्या जागी गेले तिथे कार्डावर आकड्याचीच जागा होती.

शिकवणं म्हणजे काय, तेही सांगते. त्या दुसऱ्या जागी कंपनीचा माणूस दोन दिवस आला, स्क्रीन दाखवली, आमच्याच एका मुलीच्या हातावर करून दाखवलं आणि गेला. तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक.

बाहेरून कुणाला दिसत नाही ती गोष्ट म्हणजे टिपची काच. टिप गार असते, ती सपाट दाबून धरली तरच कातडी गार राहते. नडगीचा कोपरा, घोटा, गुडघ्याची वाटी इथे ती एका बाजूनं उचलली जाते आणि उचललेल्या बाजूला चटका बसतो. दुसरं, नीट शेव्ह केलेलं नसलं की वरचे खुंट जळून काचेला काळे चिकटतात. काळा ठिपका काचेवर असेल तर पुढचा प्रत्येक शॉट आधी त्या ठिपक्याला तापवतो आणि तो तापलेला ठिपका आपण पुढच्या जागेवर टेकवतो. म्हणून दर थोड्या शॉटनंतर काच ओल्या गॉजनं पुसायची. दिवसाला अकरा गिऱ्हाइकं असली की सगळ्यात आधी काय सुटतं, तर हे पुसणं.

खुणा करायच्या तर पांढऱ्या पेन्सिलनं. एका मुलीनं बॉलपेननं चौकटी आखलेल्या मी बघितल्या आहेत, आणि निळ्या रेघेवर उठलेले फोडही.

गिऱ्हाइकानं "जास्त लागतंय" म्हटलं की थांबायचं, हा माझा नियम होता. त्यावरून मला बोलणी बसायची, कारण पुढचं गिऱ्हाईक बाहेर बसलेलं असायचं. रानजाई, तुम्ही पाय ओढलात तेव्हाच तिनं थांबायला हवं होतं. तुमची चूक यात शोधू नका.

---

रानजाई | १५ जून, रात्री ९.५२

गोधडीताई, हे शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं.

---

मोगरा७ | १७ जून, दुपारी ३.२०

माझं भाजलं नाही, वेगळंच झालं. मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड आहे. हनुवटीवर आठ-दहा जाड केस होते, दर आठवड्याला थ्रेडिंग. लेझरची पाच सेशन्स केली. हनुवटीचे कमी झाले, पण जबड्याच्या कडेला आणि गालाखाली, जिथे आधी नुसती लव होती, तिथे काळे केस आले. पार्लरवाली म्हणाली हा तुमच्या हार्मोन्सचा दोष, अजून सहा सेशन्स घ्या. आठवीतला माझा मुलगा एकदा सहज म्हणाला, "आई, तुला दाढी येतेय का?" त्या दिवसापासून मी आरशासमोर दिवा लावत नाही. हे लेझरमुळे होऊ शकतं का? की खरंच माझ्याच शरीराचा दोष?

---

निंबोणी | १७ जून, रात्री १०.१०

मोगरा७, होऊ शकतं. हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. चेहरा आणि मान या जागा, भूमध्य समुद्राकाठच्या, मध्यपूर्वेतल्या आणि दक्षिण आशियातल्या स्त्रिया, सावळी कातडी आणि त्यात पीसीओएस, अशांत तो जास्त दिसतो. मुळाला मारायला कमी पण जागं करायला पुरेशी उष्णता मिळाली की झोपलेली लव जाड केसांत बदलते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून गालावरच्या बारीक लवेवर हौसेनं लेझर करू नये असं मी प्रत्येकीला सांगते. लेझर जाड, काळ्या केसासाठी आहे.

हार्मोन्सचा भागही खरा आहे, पण त्यासाठी तपासणी आणि औषध लागतं, नुसती जास्त सेशन्स नव्हेत. ते न बघता फक्त वरून केस जाळणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आलेले केस योग्य मशीननं, योग्य ताकदीनं कमी करता येतात. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दोघांनाही दाखवा. आणि दिवा लावा. दाखवण्यासारखा आजार आहे, लपवण्यासारखा नाही.

---

सह्यकडा | १८ जून, सकाळी ८.००

पुरुषांनी इथे लिहिलं तर चालेल ना? मानेवर दाढीचे केस आत वळून गाठी होतात, म्हणून डॉक्टरांनीच मला लेझर सुचवलंय. मित्र म्हणतो, बधिर करायचं क्रीम घरूनच भरपूर चोपडून, वर प्लॅस्टिक गुंडाळून जा, काही कळत नाही. मित्रानं पाठीसाठी असंच केलं होतं.

---

निंबोणी | १८ जून, सकाळी ८.४५

कामाच्या आधी घाईनं लिहितेय, कारण हे सांगायला उशीर नको. सह्यकडा, असं अजिबात करू नका आणि मित्रालाही सांगा.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २००७ मध्ये याच गोष्टीवर जाहीर इशारा दिला. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरसाठी पायांना बधिर करणारं क्रीम लावलं होतं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. औषध कातडीतून रक्तात गेलं, झटके आले, शुद्ध गेली, आणि दोघी गेल्या. क्रीम लावलेली जागा जितकी मोठी, वेळ जितका जास्त, वर झाकण जितकं घट्ट, तितकं औषध आत जातं. पाठ, दोन्ही पाय अशा मोठ्या भागांना घरून लावून जाणं जिवावरचं आहे. मानेच्या छोट्या जागेला डॉक्टरांनी मोजून लावलं तर गोष्ट वेगळी.

दुसरंही कारण आहे. दुखणं हीच आपली घंटा असते. रानजाईंनी पाय ओढला तो शरीरानं दिलेला निरोप होता. बधिर कातडी निरोप देत नाही, आणि भाजलेलं संध्याकाळी कळतं.

मानेच्या गाठींसाठी लेझर चांगला उपाय आहे, जरूर करा.

---

चिंचगूळ | १८ जून, रात्री ९.१५

दोन प्रश्न आहेत. सासूबाई ६४ वर्षांच्या, हनुवटीवर केस येतात, त्यांना फार लाज वाटते. चिमटीनं उपटत बसतात. त्यांना लेझर करून द्यावं असं मनात आहे. पण हनुवटीवर लहानपणचं गोंदण आहे, तीन ठिपके. पार्लरवाली म्हणाली काही होत नाही, उलट गोंदणही फिकं होईल. दुसरं, मुलीला घरी वापरायचं आयपीएल मशीन ऑनलाइन मागवायचंय, ते सुरक्षित असतं का?

---

निंबोणी | १९ जून, सकाळी ७.१०

चिंचगूळ, गोंदणावर नको. केस काढायच्या लेझरचा ठोका लांब असतो आणि गोंदणाचा रंग काळा. सगळी उष्णता त्या ठिपक्यात साठते, खोल भाजतं, व्रण राहतो. गोंदण काढायची मशीन वेगळी असते, तिचा ठोका अतिशय सूक्ष्म असतो. या दोन मशीन एक समजणाऱ्याच्या हाती सासूबाईंची हनुवटी देऊ नका. काळ्या तिळांनाही हाच नियम: तीळ झाकायचा, त्यावर मारायचं नाही. तिळात पुढे काही वाईट बदल झाला तर तो लवकर ओळखता यायला हवा, आणि लेझरनं त्याचं रूपच बदलून जातं. भुवयांचंही इथेच सांगते. भुवईखाली, पापणीजवळ लेझर नाही म्हणजे नाही. पापणी मिटलेली असली तरी प्रकाश पार जातो आणि डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन असतं. तो पडदा कायमचा दुखावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या मशीनच्याच प्रकाशासाठीचा चष्मा हवा.

सासूबाईंच्या वयाला केस पांढरे असतील तर लेझरला ते दिसतच नाहीत. पांढऱ्या केसाला इलेक्ट्रोलिसिस हा मार्ग आहे. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून थोडा विद्युतप्रवाह देतात. वेळखाऊ आहे, पण रंगाशी त्याचा संबंध नाही. गोंदणाची जागा सोडून होऊ शकतं.

आयपीएल हे लेझर नव्हेच. लेझर एकाच लांबीचा प्रकाश देतं, आयपीएल अनेक लांबींचा झोत, त्यातला बराचसा आपल्या वरच्या मेलॅनिनला धरणारा. घरच्या मशीनची ताकद कमी ठेवलेली असते आणि चांगल्या मशीन कातडीचा रंग बघून गडद रंगावर बंद पडतात. मुलीचा रंग खोक्यावरच्या तक्त्यात कुठे बसतो ते उजेडात ताडून बघा. शेवटच्या दोन खणांत बसत असेल तर मागवू नका.

---

टेम्सकाठी | २० जून, पहाटे २.३०

इंग्लंडमधून लिहितेय. इथे सगळं कडक असेल असा तिकडे समज असतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१० पासून सौंदर्यासाठीच्या लेझरला राष्ट्रीय आरोग्य नियामकाकडे नोंदणी करायची अट उठली. लंडनमध्ये महापालिकांचा परवाना लागतो, वेल्समध्ये अजून नोंदणी लागते, इंग्लंडात बाकी बहुतेक ठिकाणी ज्याचं त्यानं बघायचं.

दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी चौकशीला गेले. काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आमच्याकडे फक्त अलेक्झांड्राइट आहे, तुमच्या कातडीला आम्ही करणार नाही. मला इतका अपमान वाटला, घरी येऊन रडले. रंगावरून नाकारलं असंच डोक्यात बसलं होतं. आज निंबोणींचा ७५५ आणि १०६४ चा परिच्छेद वाचला आणि त्या बाईनं माझं किती भलं केलं ते कळलं.

---

ओसरी | २१ जून, सायंकाळी ६.००

मी वकील आहे, ग्राहक आयोगातली कामं करते. रानजाई, पैसे परत कसे मागायचे, त्याबद्दल सांगते.

पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणजे तुम्ही ग्राहक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ही 'सेवेतील त्रुटी' म्हणून जिल्हा आयोगात नेता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची, ऑनलाइनही होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. क्लिनिकमध्ये डॉक्टर असतील आणि त्यांच्या हलगर्जीची तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल हा वेगळा मार्ग.

"तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. सहीनं निष्काळजीपणा माफ होत नाही. २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, तो शस्त्रक्रियेचा होता, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की संमती म्हणजे धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमती. छापील कागद पुढे सरकवून घेतलेली सही त्यात बसत नाही.

हात कुणाचा होता, याला महत्त्व आहे. अमेरिकेत लेझरच्या खटल्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये जामा डर्मटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ज्या खटल्यांत मशीन डॉक्टरांऐवजी दुसऱ्या कुणाच्या हातात होतं, त्यांचं प्रमाण २००८ मध्ये ३६.३ टक्के होतं, २०११ मध्ये ७७.८ टक्के झालं. आणि त्यांत सगळ्यात जास्त खटले केस काढण्याचेच होते.

फोटो, कार्ड, पावत्या, डॉक्टरांचे कागद आणि फोनऐवजी लेखी पत्रव्यवहार. आजपासून त्यांच्याशी फोनवर बोलायचं नाही. आधी एक साधं पत्र लिहा, स्पीड पोस्टानं.

---

रानजाई | ३ सप्टेंबर, रात्री ९.००

बऱ्याच जणींनी निरोप ठेवले म्हणून लिहितेय. खपल्या जुलैत पडल्या. पावसाळाभर पूर्ण पँट आणि बाहेर पडताना पायांना सनस्क्रीन. २३ पैकी चौदा आता शोधावे लागतात. उरलेले चहाच्या रंगाचे आहेत. उजव्या घोट्यावरच्या एका खोल जागेचा रंगच गेलाय, पांढुरका ठिपका, तिळाएवढ्यापासून मुगाएवढा झाला.

ओसरीताईंनी सांगितलं तसं पत्र पाठवलं. उत्तर नाही. मग हेल्पलाइनवर नोंदवलं. बाराव्या दिवशी क्लिनिकमधून फोन आला, मी फक्त "लेखी कळवा" म्हटलं.

---

निंबोणी | ३ सप्टेंबर, रात्री ९.४०

पांढऱ्या ठिपक्याला उन्हापासून जपा आणि महिन्यानं पुन्हा दाखवा. काही वेळा रंग कडेकडेनं परत येतो.

---

रानजाई | २६ नोव्हेंबर, रात्री ८.२०

दिवाळीत पहिल्यांदा साडी नेसले आणि पाय झाकायची आठवण झाली नाही.

क्लिनिकनं उरलेल्या दोन सेशन्सचे आणि डॉक्टरांच्या तपासणीचे पैसे परत दिले. चूक झाली असं कुठेही लिहिलं नाही. आयोगात जायचं का ते अजून ठरलं नाही. दोन वर्षांची मुदत आहे, कागद फाइलमध्ये लावून ठेवलेत. पांढरा ठिपका तसाच आहे, कडेला एका बाजूनं थोडा रंग आलाय असं मला वाटतं, आईला वाटत नाही.

ऑफिसमधल्या त्या मुलीनं हा सगळा धागा वाचला, त्या पॅकेजचे पैसे परत मागून घेतले आणि दुसरीकडे गेली. आत जाताना तिनं वहीत प्रश्न लिहून नेले होते: मशीन कुठलं, प्रकाशाची लांबी किती, डॉक्टर आज इथे आहेत का, कार्डावर काय काय लिहिता. ती नुकतीच दिवेआगरहून आली होती, ते तिनं स्वतःहून सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी बाहीखालची आणि उघड्या हाताची कातडी शेजारी धरून बघितली आणि दीड महिन्यानं बोलावलं. काल ती जाऊन आली. घोट्याजवळ फक्त दोन शॉट, मग आठ दिवस वाट बघायची. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोजा खाली करून मला ती जागा दाखवली. मी खिडकीपाशी नेऊन, उजेडात, बोट फिरवून बघितलं. काही नव्हतं.